युगांडाला बारा दिवस: जाऊ का, ताई?

ताई, नमस्कार.

मी २७ वर्षांची आहे. इंदुरात रामबागेत आई-बाबा आणि आजीबरोबर राहते. बीएस्सी नर्सिंग झालंय, चार वर्षांपासून एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. कॉलेजपासूनची माझी एक मैत्रीण मल्याळी ख्रिस्ती आहे. तिच्या चर्चच्या मंडळीतले काही डॉक्टर, नर्सेस आणि एक फार्मसिस्ट जानेवारीत बारा दिवसांसाठी मेडिकल मिशनवर युगांडाला चालले आहेत. बहुतेक दिवस खेड्यांत कॅम्प, शेवटचे दोन दिवस एका मिशन हॉस्पिटलात. त्यांच्यातली एक सिस्टर ऐन वेळी गळाली, म्हणून मैत्रिणीनं मला विचारलं. ख्रिस्ती असायची अट नाही, पण सकाळची प्रार्थना सगळे एकत्र करतात आणि कॅम्पमध्ये पेशंटसाठीही प्रार्थना होते. खर्च एक लाख साठ हजार, ज्याचा त्यानं करायचा. टीमचे लीडर म्हणाले, ‘तुला खूप शिकायला मिळेल. टाके घालणं, गळवं फोडणं, सगळं स्वतःच्या हातानं. इथं कोण करू देतं?’

मला जायचंय. परदेश बघायचाय हे आहेच, ते लपवत नाही. पण आयसीयूत बिल भरता येत नाही म्हणून पेशंटला उचलून घरी नेणारे नातेवाईक बघून जीव विटलाय. एकदा तरी मध्ये पैसा न येता काम करावंसं वाटतं. आई म्हणते, ते लोक तुझा धर्म बदलतील. बाबा म्हणतात, सेवाच करायची तर जवळचं आदिवासी झाबुआ काय वाईट, गंगवाल स्टँडवरून बस सुटते. आजीला वाटतं, स्थळं बघायच्या दिवसांत हे कसलं खूळ. टीममधले बरेच जण नातेवाइकांकडून पैसे जमवतात. मी आत्याकडे आणि मामाकडे मागावेत का?

एक सिस्टर, इंदूर

•

प्रिय सिस्टर,

जा. पण तिकीट लगेच काढू नकोस, आणि लीडरच्या त्या टाक्यांच्या वाक्याचा सोक्षमोक्ष लागल्याशिवाय तर मुळीच काढू नकोस.

आईला धर्माची धास्ती वाटली, बाबांना अंतराची, आजीला लग्नाची. मला धास्ती वाटली ती त्या एका वाक्याची. मी नर्सिंग शिकवण्यात आयुष्य घातलं आहे, तेव्हा हे जरा विस्तारानं लिहिते. कंटाळा करू नकोस.

इथं गळू फोडायचं झालं तर आधी डॉक्टर बघतो, साखर तपासली जाते, भूल देतात, दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला बोलावतात. आणि काही बिघडलं तर पेशंटचा भाऊ चार माणसं घेऊन काउंटरवर येतो. आपल्याला त्या भावाचा राग येतो, पण तो येऊ शकतो म्हणून आपण सगळे नीट वागतो. त्या खेड्यातल्या बाईचा भाऊ कुठं येणार? जखम तिसऱ्या दिवशी चिघळेल, तेव्हा तुमची गाडी पुढच्या गावात असेल. दहाव्या दिवशी ताप चढेल, तेव्हा तुम्ही एन्टेबेच्या विमानतळावर बॅगा वजन करून घेत असाल. ‘इथं कोण करू देतं’ असं तो माणूस म्हणतो तेव्हा तिथं अडवणारं कोणी नाही हीच त्याला सोय वाटते आहे. सराव करायला गरीब माणूस बरा, हा हिशोब आपल्याकडेही चालत आलाय. तुला तो आवडत नाही म्हणूनच तर तू मला पत्र लिहिलंस.

युगांडातलीच एक गोष्ट सांगते. जिंजा नावाच्या शहरात एक अमेरिकन तरुणी विशीत असताना श्रद्धेपोटी जाऊन राहिली. वैद्यकीय शिक्षण नव्हतं. २००९ मध्ये तिनं तिथं संस्था काढली आणि पुढे त्या संस्थेच्या केंद्रात कुपोषित मुलं ठेवून घेतली जाऊ लागली. काही वर्षांत तिथं शंभराहून जास्त मुलं दगावल्याचं बाहेर आलं. ती स्वतःच उपचार करत होती असा आरोप झाला, तिनं तो नाकारला. २०१९ मध्ये दोन आया युगांडाच्या कोर्टात गेल्या. २०२० मध्ये तडजोड झाली, चूक मात्र कोणी कबूल केली नाही. तिची बाजू घेणारे म्हणतात की ती मुलं आधीच अत्यवस्थ होती, आणि बरीचशी असतीलही. पण तीव्र कुपोषित पोराला नेहमीच्या बेतानं सलाइन लावलं तर त्याचं हृदयच तो भार पेलत नाही. पोषण पुनर्वास केंद्रात महिनाभर ड्युटी केलेल्या आपल्या कुठल्याही सिस्टरला हे माहीत असतं. नुसत्या चांगल्या मनाला ते माहीत नसतं.

तुझं शिक्षण आहे, तू तिच्यासारखी नाहीस, हे मान्य. तरी मध्य प्रदेशच्या नर्सिंग कौन्सिलची तुझी नोंदणी तिथं चालत नाही. युगांडाची स्वतःची नर्सेस अँड मिडवाइव्ह्ज कौन्सिल आहे, आणि बाहेरच्या नर्सला तिथं पेशंटला हात लावायचा तर तिची परवानगी लागते. डॉक्टरांसाठी वेगळी कौन्सिल. म्हणून लीडरना सरळ विचार: माझ्या नावानं अर्ज गेलाय का, कोणी केला, व्हिसा कुठल्या प्रकारचा घ्यायचा? उत्तरात कागद आला तर उत्तम. ‘अगं, बारा दिवसांना कोण विचारतं’ असं आलं तर त्या टीमबरोबर जाऊ नकोस, तुझी मैत्रीण कितीही जिवाभावाची असो. सोबत हेही लेखी कळव की इथं जे काम मी करत नाही ते तिथंही करणार नाही, माझी ड्युटी काय ते लिहून द्या. वाईट वाटलं त्यांना तर वाटू दे. विमानात बसून आपले हात जास्त शिकलेले होत नाहीत.

आता कॅम्पचं. कॅम्प आपल्याला नवे नाहीत. बॅनर, हार, नेत्याचा उशीर, मग दोनशे माणसं तीन तासांत. २०१४ मध्ये छत्तीसगडात बिलासपूरजवळ एकाच शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि डझनाहून जास्त बाया जिवानिशी गेल्या. २०१९ मध्ये आपल्याच इंदुरात मोतीबिंदूची ऑपरेशनं झाल्यावर लोकांनी डोळे गमावले, ते तुला आठवत असेल. अशा वेळी डॉक्टर वाईट होते की औषध वाईट होतं यावर चौकश्या चालतात. मला त्याआधीचा प्रश्न पडतो: एवढी घाई कोणासाठी होती? तुमची टीम चाकू लावणार नसेल, नुसत्या गोळ्या वाटणार असेल, तरी तो प्रश्न सुटत नाही. समज, पन्नाशीच्या एका बाईचं बीपी १८०/११० निघालं. अ‍ॅम्लोडिपिनच्या तीस गोळ्या दिल्या, फोटो निघाला, बाई खूश. एकतिसाव्या दिवशी ती काय घेणार? जवळच्या सरकारी केंद्रात ते औषध मिळतं का? तिचं नाव कुठल्या रजिस्टरात चढलं का? ते तुम्हाला माहीत नसेल तर तिला आजार आहे एवढी बातमी देऊन तुम्ही परत येणार.

म्हणून जायच्या आधी एक काम कर, आणि ते लीडरवर सोपवू नकोस. ज्या मिशन हॉस्पिटलात शेवटचे दोन दिवस आहेत त्याच्या मेट्रनला, म्हणजे तिथल्या मुख्य सिस्टरला, स्वतः मेल लिही. इंग्रजी तिथली राजभाषा आहे, अडचण येणार नाही. तुमचं हॉस्पिटल युगांडा प्रोटेस्टंट मेडिकल ब्युरोत आहे की कॅथलिक मेडिकल ब्युरोत, हे विचार. तिथली चर्चची बहुतेक रुग्णालयं या दोन छत्रांखाली काम करतात, त्यामुळे दोन्हींत नसलेली जागा निघाली तर आणखी चार प्रश्न विचारावेत. तुमच्या गावातले आरोग्य स्वयंसेवक कॅम्पला येणार का, आम्ही गेल्यावर हे पेशंट कोण बघणार, आमची टीम येते त्या दिवशी तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरांना कॅम्पला ओढून नेतात का, हेही विचार. हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही. पाहुणे आले की घरची माणसं दिवसभर त्यांच्याच दिमतीला लागतात आणि वॉर्डात एक सिस्टर साठ खाटा सांभाळते. आपल्याकडे मंत्री आले की काय होतं ते तू पाहिलंच आहेस.

आणि मग तिला सगळ्यात महत्त्वाचं विचार: मी आयसीयूची सिस्टर आहे, बारा दिवस मिळाले तर तुम्ही मला कुठं ठेवाल?

माझा अंदाज, ती म्हणेल कॅम्प नको, माझ्या वॉर्डात ये. तसं झालं तर लीडरशी भांडून तिथंच राहा. तुला बॅग-मास्कनं श्वास देता येतो. जन्मल्यावर न रडलेल्या बाळाचा पहिला मिनिट कसा वापरायचा हे तुला चार जणींना पुन्हा पुन्हा करून दाखवता येईल, आणि तू परत आल्यावरही ते तिथंच राहील. उलट मेंदूपर्यंत गेलेल्या मलेरियाचं पोर, त्याचं उतरलेलं रक्त, शिरेतून दिलेलं आर्टेसुनेट हे औषध, हे सगळं त्या सिस्टरा रोज बघतात. तू कितीदा पाहिलं असशील? तुझ्या आयसीयूत मॉनिटर वाजतो, पंप बीप करतो. तिथं घड्याळ आणि तुझं बोट. तू शिकवायला जाते आहेस त्याहून जास्त शिकायला जाते आहेस, आणि ते शिकणं त्यांच्या देखरेखीखाली असेल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बारा दिवसांच्या कामाला सरसकट नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. फाटलेल्या ओठांची, मोतीबिंदूची ऑपरेशनं करायला ठरावीक सर्जन दरवर्षी त्याच हॉस्पिटलात जातात, पेशंट आधी निवडलेले असतात, नंतरचं बघायला तिथलाच डॉक्टर असतो. ते काम थोड्या दिवसांचं असूनही पक्कं असतं. तुमची टीम त्याच गावात पूर्वी गेलीय का, पुढच्या वर्षी जाणार आहे का, एवढं विचारलंस तरी बरंच कळेल. दरवर्षी नवा देश असेल तर समज काय ते.

आता आईचा प्रश्न. आईवर चिडू नकोस, तिनं जे ऐकलंय त्यावरून ती बोलते आहे. तिला एवढं सांग की युगांडात दहातली आठ माणसं ख्रिस्तीच आहेत, आणि तिथलं सगळ्यात जुनं हॉस्पिटल, कंपालातलं मेंगो, मिशननं १८९७ मध्ये काढलेलं आहे. तिथं प्रार्थना ही बाहेरून नेलेली वस्तू नाही, कॅम्पमधली म्हातारी उलट तुलाच म्हणेल, सिस्टर, माझ्यासाठी प्रार्थना कर. आणि तुझ्याबद्दलची भीती असेल तर आनंदीबाई जोशींचं उदाहरण आईला ठाऊक असेलच. गोपाळरावांनी अमेरिकेतल्या शिक्षणासाठी कोल्हापूरच्या मिशनऱ्यांकडे मदत मागितली तेव्हा उत्तरात धर्मांतराचा सल्ला आला. तो पत्रव्यवहार मिशनच्या मासिकात छापला गेला, तो वाचून कार्पेंटर नावाच्या एका अमेरिकन बाईंनी त्यांना हात दिला. १८८३ मध्ये निघण्यापूर्वी आनंदीबाईंनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात भाषण करून जाहीर सांगितलं की मी हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आल्या तशाच. आणि १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात कोण हजर होतं? पंडिता रमाबाई, ज्या त्याच्या तीनच वर्षं आधी ख्रिस्ती झाल्या होत्या. दोघी नात्यातल्या. एकीनं धर्म बदलला, एकीनं नाही, आणि दोघींनी ते स्वतःच्या डोक्यानं ठरवलं. सत्तावीस वर्षांच्या आयसीयू सिस्टरला तेवढं डोकं आहे असं आईनं धरून चालावं.

सकाळच्या प्रार्थनेचं तू आधीच बोलून घे. शांत बसायला हरकत नसेल तर बस, त्यात तुझं काही जात नाही. गाणी छान असतात, मल्याळी मंडळी सुरात गातात. मात्र ‘माझी अमुक अमुक श्रद्धा आहे’ असा कागद सहीला आला आणि ती तुझी नसेल, तर सही करू नकोस. जागा मिळावी म्हणून केलेली खोटी सही त्यांच्या श्रद्धेचाही अपमान आहे.

मला काळजी आहे ती पेशंटची. रांगेत शंभर माणसं, टेबलावर फुकट औषधं, आणि औषधाआधी कोणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली तर नको कोण म्हणेल? युगांडात मुसलमानही बरेच आहेत, रांगेत बुरख्यातली बाईही उभी असेल. तिनं डोळे मिटले ते श्रद्धेनं की गोळ्यांसाठी, हे तुम्हाला कसं कळणार? म्हणून क्रम विचार. औषध हातात पडल्यावर, वेगळ्या जागी, ज्याला हवी त्यानं जाऊन प्रार्थना करून घ्यावी, अशी व्यवस्था असेल तर माझी काही तक्रार नाही. तुझ्या मैत्रिणीसाठी सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश सांगणं, आणि सेवा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, ती त्याच विश्वासानं एक लाख साठ हजार खर्च करून चालली आहे, आणि त्या विश्वासानं या देशात कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या आहेत. तिच्याशी हे मोकळेपणी बोल. मला वाटतं, तिला पटेल. तपासणीच्या आधी प्रार्थनेची चिठ्ठी घ्यावीच लागते असं निघालं तर मात्र पटण्या-न पटण्याचा प्रश्न नाही, तिथं तू उभी राहू नयेस.

बाबांचं झाबुआ. बाबा बरोबर बोलताहेत, पण अर्धंच. गंगवालवरून सकाळी निघून, मेघनगरला कॅम्प करून, वाटेत कचोरी खाऊन रात्री घरी, असं झालं तर झाबुआचंही युगांडाच होतं. जवळ असल्यानं काम आपोआप चांगलं होत नाही. दूर-जवळचा हिशोब आपल्या इंदुरालाच उलटा लावून बघ. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडून इथं आल्या, दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायला बायका तयार नव्हत्या अशा होळकरी शहरात त्यांनी बायकांसाठी दवाखाना उभा केला. आपल्या मिरजेचे मिशनरी डॉक्टर वॉनलेस जवळजवळ चाळीस वर्षं या देशात राहिले, १८९४ मध्ये त्यांनी काढलेलं हॉस्पिटल साऱ्या दक्षिण महाराष्ट्राचं झालं. धर्मप्रसार त्यांच्या डोक्यात होता, तो त्यांनी लपवलाही नाही. पण ही माणसं भाषा शिकली, इथली पोरं शिकवून तयार केली, उन्हाळे काढले. बारा दिवसांत यातलं काहीच होत नाही, हे टीमला कळलेलं असलं की पुरे.

आणि जामखेड. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरला शिकलेले ख्रिस्ती डॉक्टर, १९७० मध्ये नगर जिल्ह्यातल्या त्या दुष्काळी तालुक्यात जाऊन बसले. त्यांनी गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर, दलित बायकांना बाळंतपण, जुलाब, लसी, कुष्ठरोग शिकवला आणि गावाचं आरोग्य त्यांच्या हातात दिलं. १९७९ मध्ये मॅगसेसे मिळालं. अजूनही परदेशातले विद्यार्थी तिथं शिकायला येतात, आणि त्यांना शिकवायला त्या गावातल्या बायकाच पुढे असतात. तू युगांडाला जायच्या आधी किंवा नंतर दोन दिवस काढून जामखेडला जाऊन ये. टीमच्या लीडरलाही घेऊन जा.

बाबांना मात्र एक गोष्ट कबूल कर: झाबुआ-अलिराजपूरच्या भिल्ल मुलांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि युगांडात तो फार मोठ्या प्रमाणावर आहे. केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम १ जुलै २०२३ ला आपल्याच राज्यातल्या शहडोलहून सुरू केली. हाडं दुखून रडणाऱ्या पोराला ‘नाटक करतो’ म्हणणारे आपल्या वॉर्डांत अजून आहेत. तिथल्या सिस्टरा त्या पोरांच्या दुखण्याला कसं हाताळतात, आयांना काय समजावतात, ते डोळे उघडे ठेवून बघून आलीस तर गंगवालच्या बसमध्ये बसायला तुझ्याकडे काहीतरी कारण असेल. मग महिन्यातून एक रविवार तिकडचा, वर्षभर. बाबांना ही अट मान्य होईल.

पैसे आत्या-मामांकडे मागू नकोस. तुझं तिकीट, तुझा अनुभव, तुझी हौस: स्वतःच्या पगारातून कर, नाहीतर वर्षभर साठवून पुढच्या जानेवारीत जा. ‘एक लाख साठ हजार तिथंच पाठवले तर जास्त उपयोग होईल’ असं तुला कोणीतरी ऐकवेलच. ते हिशोबात खरं आहे, पण तू गेली नाहीस तर ते पैसे युगांडाला जाणार नाहीत, दारात स्कूटर येईल, हे मलाही माहीत आहे. मामाला अगदी द्यायचेच असतील तर मेट्रनला काय हवं ते विचारून त्या वस्तूचे त्यानं द्यावेत आणि बिल बघावं.

वस्तूंवरून आठवलं. औषध कंपन्यांचे एमआर देऊन जातात ती सॅम्पलं, घराघरांतून गोळा केलेली उरलीसुरली औषधं, दोन महिन्यांत मुदत संपणारी सिरपं, हे सगळं खोक्यात भरून नेण्याची टीमला खोड असते. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम स्पष्ट आहेत: फुकट सॅम्पल नाही, पेशंटनं परत केलेलं नाही, आणि तिथं पोचल्यावर निदान वर्षभराची मुदत शिल्लक हवी. वर युगांडाच्या नॅशनल ड्रग ऑथॉरिटीची मंजुरी. तुझ्या बॅगेत ‘जरा एवढं टाक गं’ म्हणून कोणी खोकं दिलं तर नाही म्हण. कस्टमला बॅग तुझ्या नावाची असते.

स्वतःच्या तब्येतीचं थोडक्यात, कारण तुला बरंचसं ठाऊक आहे. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायला हवी, आणि पिवळं कार्ड पासपोर्टला जोडूनच ठेव. ते नसेल तर परत येताना आपलंच सरकार तुला विमानतळावरून विलगीकरणात पाठवतं. एकदा घेतलेली ही लस आता जन्मभर ग्राह्य धरतात. हिपॅटायटिस बी चे तीन डोस तुझे झाले असतील, पण टायटर, म्हणजे रक्तात प्रतिपिंडं पुरेशी आहेत का, ते बघून घे. मलेरियासाठी डॉक्टरनं डॉक्सिसायक्लिन दिलं तर ते परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायचं असतं, आणि लोक नेमकं घरी आल्यावर सोडतात. टीमला विचार की सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं कुठं ठेवली आहेत. ती ७२ तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची असतात. ‘तिथं मिळतील’ हे उत्तर नाही, कपाट कुठलं ते कळायला हवं. युगांडात इबोलाच्या साथी अधूनमधून येतात, २०२२ मध्ये आली, २०२५ च्या सुरुवातीला पुन्हा आली, आणि त्या वेळी पहिला बळी एका नर्सचा होता. निघायच्या आठवड्यात बातम्या बघ आणि साथ असेल तर प्रवास रद्द करायला लाजू नकोस. परत आल्यावर पुढचे तीन महिने ताप आला तर क्रोसिन खाऊन ड्युटीवर जाऊ नकोस. आधी मलेरियाची तपासणी, आणि डॉक्टरला प्रवासाचं पहिल्याच वाक्यात सांगायचं.

फोटो: काळ्या पोराला कडेवर घेऊन काढलेला एकही फोटो इन्स्टाग्रामवर टाकू नकोस. तुझ्या वॉर्डातल्या पेशंटचा टाकला तर तुला मेमो मिळेल, तिथलं पोरही पेशंटच आहे. रस्त्यावर चपातीत अंडं गुंडाळून देतात, त्याला तिथं रोलेक्स म्हणतात, आपल्याच लोकांनी नेलेली चपाती ती. त्याचा खुशाल टाक, सराफ्यातल्या खवय्यांना कौतुक वाटेल.

राहिली आजी. तिला सांग, बारा दिवसांत कुठलं स्थळ पळून जात नाही, आणि ज्याला बायको युगांडाला जाऊन आली याचाच त्रास होईल त्याच्या घरच्यांना नाइट ड्युटीचाही होणारच होता. तो प्रश्न लग्नाआधी निकालात निघाला तर आजीचे पोह्यांचे दहा कार्यक्रम वाचतील.

मेट्रनला मेल आजच लिही. तिथं वीज आणि नेट दोन्हींची खात्री नसते, उत्तराला आठवडा लागेल, आणि लसीचे दहा दिवस त्याच्या पुढे मोजायचे आहेत.

तुझी ताई